अक्रोडाचे झाड लावू नये

"परत बोला बघू," दार उघडून बाई म्हणाल्या.

फोल्कमार टीत्से पाच मजले चढून आला होता. खाली लिफ्टच्या दाराला ‘बंद आहे’ अशी पाटी होती आणि सदुसष्टाव्या वर्षी पाच मजले म्हणजे काही थट्टा नव्हे. कठडा धरून त्याने दम खाल्ला.

"काय बोलू?"

"तेच. आत्ता म्हणालात ना, ते सगळं. नावबिव."

"मी फोल्कमार टीत्से. शुक्रवारी अंत्यविधीत बोलायचं काम माझ्याकडे आलंय. तुमच्या मुलाबद्दल चार गोष्टी विचारून घ्यायला आलोय."

बाईंनी मान तिरकी केली. एक्क्याऐंशीच्या होत्या. त्यांच्या नजरेच्या बरोबर मधोमध डाग पडला होता. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, खांदे दिसायचे, चेहरा तेवढा दिसायचा नाही. म्हणून दारात आलेल्याला त्या आधी बोलायला लावत.

"अक्रोडाचं झाड!" त्या एकदम ओरडल्या. "अहो, तुम्ही अक्रोडाचं झाड!"

फोल्कमारचा श्वास आता वेगळ्याच कारणाने अडकला. झाइडेल आडनावाची माणसे हाले शहरात ढिगाने होती. अंत्यविधीच्या ऑफिसातून आलेल्या चिठ्ठीत ‘श्री. झाइडेल, वय छप्पन्न, लिफ्ट मेकॅनिक’ एवढेच लिहिले होते. तो कोणता झाइडेल, हे त्याला पाचव्या मजल्यावरच्या पायपुसण्यावर उभे असताना कळले.

"मिर्को?" तो म्हणाला.

"मिर्कोच. या, आत या. लिफ्टचं काही मनावर घेऊ नका, सोमवारपासून बंद आहे. काय करणार, दुरुस्त करणारा माझाच होता."

एवढे बोलून इर्मट्राउट झाइडेल भिंतीला बोटे लावत पुढे निघाल्या. फोल्कमार टोपी हातात घेऊन मागोमाग गेला.

त्या भागात चर्चशी नाते उरलेली घरे थोडीच. माणूस गेला की पाद्री बोलवायच्या ऐवजी बोलणारा बोलवायचा, अशी पद्धत. नाट्यगृहातून निवृत्त झाल्यावर फोल्कमारने हे काम धरले होते आणि तो ते मनापासून करायचा. दोन-तीन दिवस आधी घरी जायचे, कॉफी प्यायची, ऐकून घ्यायचे. न्हावी, शिक्षिका, घोड्यांचे डॉक्टर, कितीतरी लोकांबद्दल तो बोलला होता. पण आजवर त्याला ओळखणारा मेलेला माणूस भेटला नव्हता.

बत्तीस वर्षांपूर्वी फोल्कमार शहराच्या नाट्यगृहात राजे करत होता. पस्तिशीचा, उंच, आणि आवाज असा की तळघरात कुणी पिंप लोटते आहे असे वाटावे. भिंत पडून देशाचे दोन तुकडे नुकतेच एक झाले होते. लोकांना नव्या गाड्या बघायच्या होत्या, नवी दुकाने, लांबलांबचे समुद्र. राजे बघायला कोण येणार? सातशे खुर्च्यांत साठ माणसे असायची. अशाच एका दुपारी तालीम संपवून तो मागच्या दाराने बाहेर पडला, तर तिथे सायकलला टेकून एक चोवीस वर्षांचा पोरगा उभा होता. कानात बाळी, काखेत टेपरेकॉर्डर.

"तुमचा आवाज पाहिजे," पोरगा म्हणाला.

"आणि मी?"

"तुम्ही आलात तरी चालेल."

फोल्कमारला हसू आले. तिथेच फसला. पोराने सांगितले, लहानपणी नाताळच्या नाटकात फोल्कमारचे अस्वल ऐकून त्याची मामेबहीण खुर्चीखाली जाऊन बसली होती आणि नाटक संपल्यावर तिला ओढून काढावे लागले होते. तोच आवाज हवा. कशासाठी, तर नाचायच्या संगीतासाठी. खाली ठोके वाजत राहणार, वर हा आवाज.

शहरातली माणसे जिथे जमिनीचा तुकडा भाड्याने घेऊन भाजी-फुले लावतात, अशा ‘विश्रांती’ नावाच्या बागवसाहतीत झाइडेलांचा एक तुकडा होता, त्यात एक लाकडी खोपटे. त्या खोपट्यात मिर्कोने चारी भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या. सप्टेंबरचा महिना. बाहेर त्याची आई मोठ्या पातेल्यात आलुबुखाराचा मुरंबा ढवळत होती. फोल्कमारने आधी एक कविता म्हटली.

"नको," मिर्को म्हणाला. "शाळेत बसल्यासारखं वाटतंय."

मग वर्तमानपत्र वाचले.

"नको. घरात कुणीतरी गेल्यासारखं वाटतंय."

शेवटी वैतागून फोल्कमारने दारामागे टांगलेली वसाहतीची नियमावली वाचायला घेतली. मुद्दाम राजाच्या आवाजात, जणू काही दरबारात फर्मान सोडतो आहे. "दुपारी एक ते तीन शांतता पाळावी. कुंपणाची उंची सव्वा मीटरपेक्षा अधिक नसावी. शेजाऱ्याच्या वाफ्यावर सावली धरू नये. पाहुण्यांच्या वर्तनास सभासद जबाबदार राहील. अक्रोडाचे झाड लावू नये."

मिर्कोने त्याच्याकडे पाहिले. त्याच्या अंगावर काटा आलेला फोल्कमारला दिसला.

"शेवटचं परत," तो कुजबुजला. "हळू. लावलंत तर आकाश कोसळेल, असं."

"अक्रोडाचे झाड… लावू नये."

पुढचे सगळे त्या दोघांच्या हाताबाहेर झाले. त्या हिवाळ्यात रेकॉर्ड निघाली आणि लाइपझिगमध्ये, बर्लिनमध्ये, ओस पडलेल्या कारखान्यांत आणि तळघरांत हजारो पोरे त्या ठोक्यावर नाचली. ‘एक ते तीन शांतता पाळावी’ म्हटले की सगळी जागच्या जागी थांबायची आणि अक्रोड आला की छप्पर उडेल असे ओरडायची. जपानहून एक पत्र आले, त्यात ‘हा कोणता पंथ’ असे विचारले होते.

नाट्यगृहात मात्र फोल्कमारची चेष्टा सुरू झाली. मेकअपच्या टेबलावर रोज एक अक्रोड. राजा मरून पडला की पडद्यामागून कुणीतरी "सावली धरू नये" म्हणायचे. तेवढ्याने तो डगमगला नसता. पण त्याच सुमारास म्युनिकचा एक दिग्दर्शक त्याला मोठ्या सिनेमात घ्यायचे म्हणत होता. मुख्य काम. आधीच्या राजवटीत एकदा त्याचा असा सिनेमा झाला होता, नदीवरच्या नावाड्याचा. तो पुरा होऊन सरकारी बंदीमुळे कपाटात गेला आणि पुढे एका सकाळी अकरा माणसांनी पाहिला. ही संधी पुन्हा येणार नव्हती. त्याच आठवड्यात एका वर्तमानपत्रवाल्याचा फोन आला. ‘तो नियमावलीवाला आवाज तुमचाच ना?’

"नाही," फोल्कमार म्हणाला. "तसली कामं मी करत नाही."

ते छापून आले. म्युनिकवाल्याने शेवटी दुसराच माणूस घेतला. फोल्कमारला औषधवाल्याचे दोन वाक्यांचे काम मिळाले, त्यातले एक कापले गेले. पुढे टीव्हीवर त्याने बरेच औषधवाले केले, घरमालक केले, पोलिसांच्या मालिकांत तीनदा प्रेत झाला. प्रेत सगळ्यात अवघड, तो सांगायचा, पोट हलून चालत नाही. नाट्यगृहात एकूण अकरा राजे केले, त्यांतल्या नऊ जणांचे खून झाले. नाताळचे अस्वल बावीस वर्षे केले. ट्राममध्ये बायका पोरांना त्याच्याकडे बोट करून दाखवायच्या आणि तो हळूच गुरगुरायचा. कमी काही केले नाही त्याने. पण लोकांच्या तोंडी राहिले ते एकच काम, आणि तेवढे त्याने नाकारले होते.

"साखर किती?" इर्मट्राउटबाईंनी विचारले. "मिर्को चार चमचे घ्यायचा. डॉक्टर म्हणायचा एक. म्हणून तो चार वेळा एक घ्यायचा."

टेबलावर आलुबुखाराचा केक होता. फोल्कमारने वही उघडली, पेन काढले आणि काही लिहिले नाही.

"झाइडेलबाई, तुम्हाला एक सांगायला पाहिजे. त्या वेळी पेपरात…"

"माहितीये की. मीच वाचून दाखवलं त्याला."

"काय म्हणाला?"

"पेपर घेतला आणि कोंबड्यांच्या खालती घातला." बाईंनी चाचपत केक कापला. "रागावला होता. दोन वर्षं चांगलाच रागावला होता. मग लग्न झालं, मग ते मोडलं, मग त्याला नोकरी लागली, त्या गडबडीत तुमच्यावरचा राग राहूनच गेला."

"राहून गेला?"

"हो. किती गोष्टी ध्यानात ठेवणार माणूस?"

फोल्कमारने कपाळावरून हात फिरवला. बत्तीस वर्षे तो ज्या मिर्कोला रस्त्यात टाळत आला होता, ज्याच्यासारखा कुणी दिसला की पलीकडच्या फुटपाथवर जात होता, त्या मिर्कोला ही गोष्ट आठवतही नव्हती. सुटल्यासारखे वाटायला हवे होते. वाटले ते काहीतरी भलतेच, वाढदिवसाला आपल्याला बोलावलेच नव्हते हे उशिरा कळावे तसे.

"सिल्व्हियो मात्र विसरला नाही," बाई म्हणाल्या. "त्याचा दोस्त. दोघं मिळून वाजवायचे. त्याला तुम्ही आलेलं आवडायचं नाही. मी बघून घेईन. तुम्ही लिहा. आणि एक सांगते, खोटं नको. मागे खालच्या मजल्यावरच्या वोल्फबाई गेल्या, तर तो बोलणारा म्हणाला, त्या मनाने फार कोमल होत्या. अख्खा जिना खोकायला लागला."

मग त्या सांगत गेल्या आणि फोल्कमार लिहीत गेला. मिर्को सगळीकडे उशिरा जायचा. जन्मालाही अकरा दिवस उशिरा आला. फक्त लिफ्टमध्ये कुणी अडकले म्हटले की मात्र पाय जमिनीला लागायचे नाहीत. आणि पोचला की हत्यारांची पेटी उघडायच्या आधी दाराच्या फटीला तोंड लावायचा. "मी मिर्को. मी आलोय. आता तुम्ही एकटे नाही." मग स्क्रू काढता काढता आत अडकलेल्याला विचारत राहायचा, आज जेवायला काय केलंय, बटाट्याचं सूप? त्यात अजमोद्याचा पाला घालता का?

"एकदा एक म्हातारी दार उघडलं तरी बाहेर येईना," बाई म्हणाल्या. "म्हणाली, गोष्ट पुरी होऊ दे."

फोल्कमार हसला, त्याही हसल्या. मग त्या हातातल्या चमच्याकडे बघत राहिल्या. म्हणजे चमच्याच्या कडेकडे.

"आणि ते गाणं वाजलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "मी मुद्दाम एकची वेळ मागून घेतलीये. दुसऱ्या कुणाला नको होती, जेवणाची वेळ ना. दुपारी एक ते तीन."

सिल्व्हियो ट्राम चालवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या थांब्यावर, त्याच्या दहा मिनिटांच्या सुटीत, तो फोल्कमारला भेटला. गलेलठ्ठ माणूस, डोके तुळतुळीत, आणि मानेवर फिकट पडलेले निळे गोंदण. त्याने हात पुढे केला नाही.

"आईंचा हट्ट आहे म्हणून," तो म्हणाला. "नाहीतर मी तुम्हाला दारातच उभं केलं नसतं."

"बरोबर आहे तुमचं."

"माझं बरोबरच आहे. तुम्हाला माहितीये, त्या वेळी माणसं आम्हाला विचारायची, हा आवाज कुठून चोरलात? म्हणजे आम्ही चोर. तुम्ही म्हणाला होतात ना, माझा नाही. मग कुणाचा?"

हे फोल्कमारच्या कधी ध्यानातच आले नव्हते.

"बोला तुम्ही शुक्रवारी," सिल्व्हियो म्हणाला. "चांगलं बोला. पण रेकॉर्डला दुसरी बाजू आहे, नुसत्या संगीताची. मी ती लावणार. त्याच्या शेवटच्या दिवशी तुमचा आवाज नको."

"लावा."

"आईंना सांगू नका."

"नाही सांगत."

सिल्व्हियोने घड्याळ पाहिले, ट्राममध्ये चढला आणि घंटा जरा जास्तच जोरात वाजवली.

घरी फोल्कमारने भाषण आन्नेग्रेटला म्हणून दाखवले. आन्नेग्रेट त्याची बायको. एकतीस वर्षे ती त्याच नाट्यगृहात रंगमंचाखालच्या खोक्यात बसून नटांना विसरलेली वाक्ये पुरवायची; त्यामुळे तिच्यापुढे अभिनय करून काही उपयोग नसे. ती बटाटे सोलत ऐकत होती.

"लिफ्टचं चांगलं आहे," ती म्हणाली. "पण ‘काळाच्या ओघात काही गैरसमज झाले’ हे काय आहे?"

"ते पेपरचं."

"गैरसमज कुणाचा झाला?"

फोल्कमारने खिशातून पेन काढले.

"तू खोटं बोललास," आन्नेग्रेट म्हणाली. "तीन शब्द आहेत. पाठ करायलाही सोपे."

त्याने कागदावरची ओळ खोडली. मग सालांची टोपली उचलून स्वतःच बाहेर टाकून आला.

शुक्रवारी एकला पाच कमी असताना स्मशानभूमीतला हॉल भरला होता. चाळीसएक माणसे. पन्नाशीची, पंचावन्नची. काळ्या कोटांच्या आत काहींनी जुने, विटलेले टीशर्ट घातले होते, ज्यांच्यावरची अक्षरे आता वाचता येत नव्हती. एक बाई कुबड्या घेऊन आली होती. दोघांच्या कानात अजून बाळ्या होत्या आणि त्यांच्या शेजारी ऐकायची यंत्रे. पुढे मधोमध राखेचा कलश, निळा, साधा. बाजूच्या टेबलावर सिल्व्हियो आपले सामान मांडून उभा होता. त्याच्या अंगात ट्रामचा गणवेश होता, चांगला कोट तोच. दोन वाजता त्याच हॉलमध्ये दुसऱ्या कुणाचा विधी होता.

फोल्कमार बोलायला उभा राहिला. त्याने जन्माची तारीख सांगितली, अकरा दिवसांचा उशीर सांगितला, साखर सांगितली. हॉल सैल झाला. लिफ्टच्या फटीचे सांगितले तेव्हा मागे कुणीतरी नाक शिंकरले. मग त्याने कागद खाली ठेवला.

"एक गोष्ट उरली," तो म्हणाला. "एकोणीसशे ब्याण्णव साली मिर्कोने माझा आवाज घेतला. तुमच्यातले बरेच जण त्यावर नाचले असतील. वर्तमानपत्राने विचारलं तेव्हा मी म्हणालो, तो माझा नाही. मी खोटं बोललो. माझ्यामुळे मिर्कोला आणि सिल्व्हियोला लोकांनी चोर म्हटलं. ते मला परवापर्यंत माहीत नव्हतं. म्हणजे मी कधी विचारलंच नव्हतं. मिर्कोने मला माफ केलं का, मी सांगू शकत नाही. त्याची आई म्हणते, तो विसरला. मी विसरलो नाही. एवढंच."

टाळ्या पडायची सवय असलेला माणूस टाळ्या न पडणाऱ्या जागी उभा होता. तो बाजूला झाला. सिल्व्हियोने त्याच्याकडे न बघता रेकॉर्डवर सुई ठेवली.

ठोके सुरू झाले. हॉलच्या दगडी घुमटाला असे काही ऐकायची सवय नव्हती. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. चाळीस माणसांच्या पाठी एकदम ताठ झाल्या. मग ठोक्यांच्या वर एक बारीक आवाज आला, काचेवर धातू टेकवल्यासारखा. टिंग. थांबून परत, टिंग. या आवाजाबद्दल त्या काळी मासिकांत लेख आले होते. कुठल्या यंत्रातून तो काढला यावर लोकांनी पैजा मारल्या होत्या.

"ती माझी बरणी," पहिल्या रांगेतून इर्मट्राउटबाई शेजारच्या बाईला म्हणाल्या, पण ठोक्यांवर आवाज चढवल्यामुळे सगळ्यांनी ऐकले. "झाकणं लावत होते मी. म्हटलं, मुरंबा थंड व्हायच्या आत लावून टाकावीत."

कुणीतरी हसले, आणि त्या हसण्यात रडूही होते. ठोके पुढे गेले. जिथे आवाज यायचा ती जागा आली आणि रिकामी गेली.

बाईंनी मान तिरकी केली. थोडा वेळ वाट पाहिली.

"आवाज कुठाय?" त्या मोठ्याने म्हणाल्या. "सिल्व्हियो? आवाज का नाही त्यात?"

सिल्व्हियोचे कान लाल झाले. त्याने रेकॉर्डकडे पाहिले, जणू सगळा दोष तिचाच. फोल्कमार भिंतीशी उभा होता. त्याला वाटले, आपण इथून काही बोलणे बरे नाही; आणि त्याच वेळी वाटले, आवाज लपवणे आपण एकदा करून पाहिले आहे.

तो परत मध्ये आला. माइक घेतला नाही.

"दुपारी एक ते तीन," तो म्हणाला, "शांतता पाळावी."

आवाज आता तळघरातल्या पिंपासारखा राहिला नव्हता. त्याला चिरा गेल्या होत्या. पण जिथे जायला हवा होता तिथे गेला. पुढच्या ठोक्याला त्याने कुंपण घेतले, आणि मग त्याला काही आठवेना. बत्तीस वर्षे. शेकडो भूमिका त्याच्या डोक्यातून गेल्या होत्या, राजे, अस्वले, औषधवाले. ती पाच वाक्ये कुठे गेली कोण जाणे. ठोके चालले होते. तिसऱ्या रांगेत आन्नेग्रेट बसली होती. आयुष्यात पहिल्यांदाच पुरवायचे शब्द तिलाही येत नव्हते, म्हणून तिने हात मांडीखाली दाबून धरले.

"शेजाऱ्याच्या," इर्मट्राउटबाई हलकेच म्हणाल्या. वसाहतीच्या त्या पन्नास वर्षांच्या सभासद होत्या.

"शेजाऱ्याच्या वाफ्यावर सावली धरू नये."

"पाहुण्यांच्या."

"पाहुण्यांच्या वर्तनास सभासद जबाबदार राहील."

सिल्व्हियोचा हात पुढे आला आणि त्याने संगीत बोटभर खाली आणले. आता म्हाताऱ्या आवाजाला वाट झाली. फोल्कमारने श्वास घेतला. शेवटचे वाक्य त्याला कुणी सांगावे लागले नसते, पण त्याने ते एकट्याने म्हटलेही नाही. चाळीस माणसे त्याच्याबरोबर म्हणाली. ओरडून नाही. दात घासताना आपल्याशीच बोलावे तशी, जमिनीकडे बघत, गुडघ्यांच्या कुवतीप्रमाणे डुलत.

"अक्रोडाचे झाड लावू नये."

सुई रेकॉर्डच्या मध्यापाशी पोचली. काही वेळ नुसती खरखर ऐकू आली, मग सिल्व्हियोने तीही बंद केली.

बाहेर दारापाशी तो फोल्कमारच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"कुंपण चुकलात," तो म्हणाला.

"चुकलो?"

"सव्वा मीटर. तुम्ही दीड म्हणालात." त्याने बाहीने डोके पुसले, मग डोळे. "दीड मीटरचं कुंपण ‘विश्रांती’त कुणी एक दिवस टिकू देणार नाही. मिर्कोने तर…" फोल्कमारने त्याच्या गणवेशाच्या पाठीवर हात ठेवला. सिल्व्हियोने तो राहू दिला.

कलश घेऊन स्मशानभूमीचा माणूस पुढे निघाला. थडगे बरेच आत होते, बर्च झाडांच्या रांगेपलीकडे. इर्मट्राउटबाईंना एकटीने एवढे चालवणार नव्हते. त्यांनी हवेत हात धरला आणि फोल्कमारने आपला दंड त्याखाली नेला. दोघे खडीवरून चालू लागले. उन्हात वारा होता आणि बाईंच्या टोपीची फीत सारखी त्याच्या गालाला लागत होती.

अर्ध्या वाटेवर त्या थांबल्या. दम लागला असेल असे वाटून तोही थांबला. पण त्यांनी त्याच्या दंडावरचा हात काढला, हातमोजा ओढून काढला आणि उघडा हात त्याच्यापुढे धरला. चेहरा त्याच्या कानाच्या बाजूला वळलेला.

"इर्मट्राउट," त्या म्हणाल्या. "आता मला तू म्हण."

‘तुम्ही’वरून ‘तू’वर येण्याचा हा मान तिकडे मोठ्या माणसाने द्यायचा असतो, हात मिळवून, आपले नाव सांगून, आणि या वयात तो कुणी उगाच देत नाही. फोल्कमारने टोपी काढली आणि तो हात हातात घेतला.

"फोल्कमार," तो म्हणाला. अकरा राजे केलेल्या माणसाला त्यापलीकडे काही सुचले नाही. टोपी परत घालत म्हणाला, "चल. हळू चल, इर्मट्राउट. घाई नाहीये."

"मी हळूच चालते," ती म्हणाली. "तूच जोरात चालतोस."

आणि ती तिच्या पावलांनी निघाली, एकेक पाऊल आधी चाचपून मग टाकत. मागे ती चाळीस माणसे होती, काळे कोट, कुबड्या, ट्रामचा गणवेश. वाट चांगली रुंद होती. पण कुणीही पुढे गेले नाही.